'प्राध्यापक कशाला, अ‍ॅप आहे ना!' या मेसेजमध्ये काय राहून गेलं

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. थोडक्यात तो असा: "कॉलेजात पहिल्यांदाच प्रत्येकाला आपापल्या गतीने शिकता येणार. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी 1984 मध्येच सिद्ध केलंय की वैयक्तिक शिकवणी मिळाली की सरासरी विद्यार्थी शंभरातल्या 98 जणांच्या पुढे जातो. ती शिकवणी आता अ‍ॅप देणार. मग प्राध्यापक कशाला?" मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणजे माझा स्वार्थ गुंतलेला आहे. ते कबूल करूनच लिहितो.

'पहिल्यांदाच' हे तर सरळ चूक. फ्रेड केलर आणि गिल्मोर शेरमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि रोडॉल्फो अझी व कॅरोलिना बोरी हे त्यांचे ब्राझिली सहकारी, या चौघांनी 1964 मध्ये ब्राझिलिया विद्यापीठात नेमकं हेच सुरू केलं होतं. (विद्यापीठ कोरं, देशात नुकताच लष्करी उठाव झालेला. पुढच्याच वर्षी तिथल्या दोनशेहून अधिक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. प्रयोगाला मुहूर्त काय मिळाला बघा.) मग केलर आणि शेरमननी ते अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात नेलं. अभ्यासक्रमाचे तीस भाग पाडलेले. एका भागाची चाचणी नीट जमली की पुढचा भाग हातात. नाही जमली तर पुन्हा द्यायची, नापासाचा शिक्का नाही. लेक्चरला कोणी यावं अशी सक्ती नाही आणि लेक्चरवर परीक्षाही नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत 'केलर प्लॅन' अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांत पोचला. संगणकाचा पत्ता नव्हता, सगळं कागदावर.

आणि ते चाललंही. 1979 मध्ये कुलिक दांपत्य आणि कोहेन या संशोधकांनी केलर प्लॅनचे वर्ग आणि नेहमीचे वर्ग यांच्या 75 तुलना एकत्र तपासल्या, तेव्हा अंतिम परीक्षेतला फायदा साधारण अर्धा प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) निघाला. म्हणजे शंभरातल्या पन्नास जणांच्या पुढे असलेला विद्यार्थी साधारण एकोणसत्तर जणांच्या पुढे जातो. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढं फार क्वचित मिळतं. पण ते 98 नव्हे.

मग 98 कुठून आलं? ब्लूमनी आधार घेतला तो त्यांच्या दोन पीएचडी विद्यार्थ्यांच्या कामाचा. त्यातली मुलं कॉलेजची नव्हतीच, चौथी, पाचवी आणि आठवीची होती. विषय दोन, संभाव्यता आणि नकाशाशास्त्र. कालावधी जेमतेम तीन आठवडे. शिकवणारी माणसं होती, आणि त्या मुलांनाही मध्ये मध्ये चाचणी, चूक दुरुस्ती, पुन्हा चाचणी असं होतंच. नुसतं हे चाचणी-दुरुस्तीचं चक्र नेहमीच्या वर्गात वापरलं, तरी निम्मा फायदा मिळत होता. मेसेजमधून एवढं सगळं गळलं आणि आकडा तेवढा उरला. यंत्राच्या बाजूनेही बोललं पाहिजे: संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी 2011 मध्ये तपासलं, तेव्हा पायरीपायरीने मदत करणारी चांगली सॉफ्टवेअर माणसाच्या शिकवणीच्या जवळपास पोचलेली दिसली, 0.76 विरुद्ध 0.79 प्रमाण विचलन. फक्त ब्लूमची दोन प्रमाण विचलनं, म्हणजे ते 98, दोघांनाही गाठता आली नाहीत.

आता 'आपापल्या गतीने'. गेल्या वर्षी आमच्या एस.वाय.ला एक ऑनलाइन क्रेडिट कोर्स होता. मुदत रविवारी रात्री बारा. सोमवारी मी लॉग उघडला, तर निम्म्याहून जास्त क्विझ शुक्रवार-शनिवारी रात्री सोडवलेल्या. एका पठ्ठ्याने पहाटे तीन ते पाचमध्ये नऊ व्हिडिओ 'पाहिले'. मुलांची गती ही अशी असते. आमचीही अशीच होती, फक्त तेव्हा लॉग नव्हता. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सना 2017-18 मध्ये नाव घातलेल्यांपैकी 3 टक्क्यांच्या आसपासच लोकांनी कोर्स पुरा केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र 46 टक्के. चालढकल केलरच्या वेळीही होती आणि अनेक शिक्षकांनी शेवटी तारखा घातल्याच.

राहिला 'प्राध्यापक कशाला'. केलरच्या 1968 च्या लेखाचं नावच 'गुडबाय, टीचर…' होतं, त्यामुळे गैरसमज व्हायला वाव आहे. पण त्यांनी निरोप दिला तो व्याख्यान झोडणाऱ्या शिक्षकाला. त्याच्या जागी त्यांनी माणसं वाढवली: तोच कोर्स उत्तम करून गेलेले विद्यार्थी. ते समोर बसवून पेपर तपासत आणि चुकलेल्याला आपलं उत्तर पटवून द्यायची संधी देत.

याचा अर्थ मला प्रॅक्टिकलला कळला. एका एस.वाय.च्या मुलाला प्रमाण विचलनाच्या क्विझमध्ये दहापैकी दहा. मी विचारलं, "सगळ्या आकड्यांत पाच मिळवले तर प्रमाण विचलन कितीने वाढेल?" "पाचने, सर." मी समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या बाकावरची टी.वाय.ची मुलगी म्हणाली, "अरे, राष्ट्रगीताला रांगेत उभे आहात. सगळे एक पाऊल पुढे सरकलात. तुझ्या आणि पुढच्याच्या मधलं अंतर बदललं का?" तो दोन क्षण गप्प. मग म्हणाला, "नाही ना. आणि दुप्पट केले तर? तर बदलेल!" दुप्पटीचं त्याला कोणीच विचारलं नव्हतं.

केलर प्लॅन ऐंशीच्या दशकात मागे पडला. साहित्य तयार करताना शिक्षकाचा घाम निघे, सत्राच्या ठरलेल्या तारखांत 'आपली गती' बसेना, आणि वर्गात एवढ्या 'ए' ग्रेड दिसल्या की वरच्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

यंदा मी बुधवारच्या प्रॅक्टिकलला टी.वाय.ची सहा मुलं बसवली आहेत. अ‍ॅपही ठेवलंय, क्विझ तपासायला ते माझ्यापेक्षा बरं. मुलांना थोडं मानधन द्यावं म्हणून अर्ज केला होता. तो परत आला: खर्चाच्या कोणत्या हेडखाली दाखवायचं ते स्पष्ट करावे. अ‍ॅपच्या वर्गणीला हेड आहे.