सभापतींचा निकाल येणार तरी कधी?

गोवा विधानसभेच्या पर्वरीच्या सभागृहात सभापतींच्या डाव्या हाताला विरोधक बसतात. आम्ही तिथे बसवलेला माणूस एक दिवस उठून उजवीकडे जातो आणि आम्ही डिचोलीत पेपर वाचत हात चोळत बसतो! जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १० आमदार भाजपात गेले. त्यांच्या अपात्रतेच्या अर्जांवर सभापतींचा निकाल आला एप्रिल २०२१ मध्ये. अर्ज फेटाळले, ते एक वेळ सोडा. पण एवढा वेळ? अहो, विधानसभेची मुदतच पाच वर्षांची! सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार पुन्हा भाजपात गेले. ये रे माझ्या मागल्या.

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, निवाडा सभापतींवर सोपवला, मुदत मात्र घातली नाही. मणिपूरच्या अशाच पक्षांतराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये साधारण तीन महिन्यांची मुदत सांगितली, स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करा असंही संसदेला सुचवलं. कुठे आहे ते न्यायाधिकरण? सभापती सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर निवडून येणार, पुढचं तिकीटही तिथेच मागणार. तो माणूस आपल्याच पक्षात आलेल्यांना घरी पाठवेल? संताप होतो नुसता!