कोथळ्यातलं शिसं

कॅलिफोर्निया काँडोर या अमेरिकेतल्या गिधाडासारख्या प्रचंड पक्ष्याची गोष्ट बहुतेक जण १९८७ ला जात वाचवण्यासाठी उरलेले रानातले सगळे पक्षी पकडले आणि १९९२ पासून पुन्हा सोडायला लागले, इथंच संपवतात. पण सोडलेले पक्षी आजही मरतात आणि त्याचं सर्वांत मोठं कारण शिकाऱ्याच्या गोळीतलं शिसं आहे. ती गोळी काँडोरवर झाडलेलीही नसते.

हरीण पाडलं की शिकारी तिथंच पोट फाडून कोथळा टाकतो आणि मांस घेऊन जातो. मेलेलं खाणाऱ्या काँडोरला ती मेजवानीच. शिशाची मऊ गोळी शरीरात घुसली की तिचे शेकडो बारीक कण होतात. ते जखमेपासून वीतभर लांबही उडतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, एक्सरेत मात्र चांदण्यांसारखे पसरलेले दिसतात. काँडोरच्या पोटातल्या जहाल आम्लात हे शिसं विरघळतं, रक्तात जातं आणि पचनसंस्था लुळी पडते. गळ्याची पिशवी भरलेली असूनही पक्षी उपाशी मरतो.

पक्षी पकडून रक्त तपासतात, शिसं बाहेर काढणारं कॅल्शियम ईडीटीए टोचतात, बरा झाला की सोडतात. पुढच्या हंगामात पुन्हा तसाच कोथळा! सहा-आठ वर्षांनी वयात येणारा आणि साधारण दोन वर्षांतून एक अंडं घालणारा पक्षी अशी मरणं किती सोसणार? आपण गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं गमावली आहेत, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

उपाय तांब्याची गोळी. ती फुलते, पण फुटत नाही. वजन जवळजवळ सगळं टिकतं. मात्र नुसतं काडतूस बदलून भागत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि जुन्या बंदुकीच्या नळीतल्या खाचांचा पीळ तिला नेम धरण्याइतकं फिरवेलच असं नाही. म्हणून १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वापरणाऱ्यानं १५० किंवा १६५ घ्यावी. नळी आधी नीट साफ करावी, मग दोन-तीन बनावटींची काडतुसं झाडून नेम नव्यानं बसवावा. वेग कमी पडला तर गोळी फुलत नाही, जनावर जखमी होऊन पळतं; म्हणून लांबून बार टाकू नये. ‘तांब्यानं जनावर पडत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथूनच येते.

कॅलिफोर्नियानं २००८ मध्ये काँडोरच्या टापूत आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिसं बंद केलं. ॲरिझोनानं बंदी न घालता २००५ पासून तिथल्या शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसं फुकट दिली. मला बंदी हवीच आहे, पण ॲरिझोनाची ही रीतही सोबत हवी. दुकानात तांब्याचं काडतूसच मिळालं नाही, तर कायदा पाळणार कशानं?

ज्यांच्याकडे अजून शिशाचीच काडतुसं आहेत, त्यांनी कोथळा पिशवीत भरून रानाबाहेर न्यावा. जखमेभोवतीचं मांसही सढळ हातानं कापून टाकावं, कारण उरलेलं घरची मुलं खाणार आहेत.