तीन टक्क्यांचा नियम टायर निवडून देत नाही

पावसाळा तोंडावर आला की स्विफ्टवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांकडून आला. मजकूर साधारण असा:

"मूळ टायरच्या उंचीपेक्षा ३ टक्क्यांच्या आत फरक असेल तर कुठलाही साईज बिनधास्त टाका. टायर जितका रुंद तितकी ग्रिप जास्त, पावसातही गाडी घसरत नाही. १७ इंची अलॉय टाकली की गाडी रस्त्याला चिकटते. जपानमध्ये सुझुकी स्वतःच स्विफ्ट स्पोर्टला १७ इंची देते. ४ बाय १०० पीसीडी जुळलं की काम झालं."

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक त्यावर विश्वास ठेवून चाळीस-पन्नास हजार घालवतात. एकेक घेऊ. (पीसीडी म्हणजे चाकाच्या नटांची भोकं किती आणि ती किती मिमीच्या वर्तुळावर आहेत, ते माप.)

"३ टक्क्यांच्या आत कुठलाही साईज"

माझ्या स्विफ्टचा मूळ साईज १८५/६५ आर १५. म्हणजे रुंदी १८५ मिमी आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, तिच्या ६५ टक्के, सुमारे १२० मिमी. दोन्हीकडची मिळून २४०.५ आणि १५ इंची रिमचे ३८१, असा टायर ६२१.५ मिमी उंच झाला. त्याचे ३ टक्के म्हणजे १८ मिमीच्या थोडं वर.

आता या चाळणीतून काय काय पास होतं बघा. १९५/६० आर १५ (६१५ मिमी), १९५/६५ आर १५ (६३४.५), १९५/५५ आर १६ (६२०.९), २०५/५५ आर १६ (६३१.९) आणि २०५/४५ आर १७ (६१६.३). पाच टायर, पाचांचा स्वभाव वेगळा, आणि नियम पाचांनाही हो म्हणतो. जो नियम या पाचांत फरकच करत नाही, तो आपल्याला टायर निवडून कसा देणार?

हा नियम आला तो स्पीडोमीटर आणि गिअरिंग फार बिघडू नये म्हणून. तेवढ्यापुरता तो ठीक आहे. पण तिथेही वरचे ३ आणि खालचे ३ सारखे नाहीत. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, असा दंडक आहे. म्हणून कंपन्या तो थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. १९५/६५ टाकला की चाक दर फेऱ्याला २ टक्के जास्त अंतर कापतं आणि ती शिल्लक खायला लागतं. ओडोमीटरही मागे पडतो: गाडी १०,००० किमी धावली की आधीच्या हिशोबाने ९,८०० च्या आसपासच नोंद होते. "टायर बदलल्यापासून मायलेज पडलं" या तक्रारीतला एक भाग हाच असतो. पेट्रोल खरं मोजलं जातं, किलोमीटर कमी मोजले जातात.

नियम जे विचारतच नाही ते त्याहून महत्त्वाचं. हा टायर आपल्या रिमच्या रुंदीवर बसतो का? २०५/४५ आर १७ ला किमान साडेसहा इंच रुंद रिम लागते, १८५/६५ आर १५ पाच ते साडेसहावर चालतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासतो का? दुकानात गाडी रिकामी असते, स्टिअरिंग थोडंसं वळवतात आणि "बघा, कुठे लागत नाही" म्हणतात. चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन गाडी खड्ड्यात दबली की खरी परीक्षा. माझ्या भावाच्या गाडीचं चाक काढलं तेव्हा कमानीच्या आतल्या काळ्या प्लास्टिकवर बोटभर रुंद, आरशासारखा चकचकीत पट्टा पडलेला होता. तीन महिने टायर तिथे घासत होता आणि गाण्यांच्या आवाजात कुणाला कळलं नव्हतं.

"जितका रुंद तितकी ग्रिप, पावसातही"

याचा शेवटचा शब्द धोकादायक आहे. बाकीचं नंतर बोलू.

टायरचा रस्त्याला टेकणारा तुकडा किती मोठा, हे मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब ठरवतात. दोन्ही तेच ठेवून टायर रुंद केला तर त्या तुकड्याचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, आकार बदलतो: आडवा जास्त, लांबीला कमी. कोरड्या रस्त्यावर वळणात याचा फायदा होतो, हे मी नाकारत नाही. पण साचलेल्या पाण्यात टायरला समोरचं पाणी बाजूला सारून रस्ता गाठायचा असतो. रुंद टायरला जास्त पाणी सारावं लागतं आणि त्यासाठी लांबी मिळते कमी. त्यामुळे तो पाण्यावर लवकर तरंगतो. गाडीचं वजन तेच राहिलेलं असतं, आणि स्विफ्ट मुळात हलकी गाडी.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलैत, २०२० पर्यंत अमृतांजन पूल होता तिथल्या उतारावर, डाव्या लेनमध्ये चाकोरीत पाणी धरलेलं असताना स्टिअरिंग एकदम हलकं झालेलं ज्याने अनुभवलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे रुंदी उपयोगी पडत नाही. उपयोगी पडतात खोल खाचा आणि बरोबर हवा. कायद्याने १.६ मिमी खाच उरली तरी चालते. पावसाळ्यात जाताना मी ३ मिमीच्या खाली टायर ठेवत नाही. शंभर-दीडशे रुपयांत खोली मोजायचं गेज मिळतं. गेज नसेल तर खाचेच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्याला बोट लावून बघा; टायर झिजून त्याच्या पातळीला आला असेल तर तो संपला.

"१७ इंची टाकली की गाडी चिकटते"

साइडवॉल १२० वरून ९२ मिमी होते. त्या २८ मिमीमुळेच स्टिअरिंग तल्लख वाटतं, आणि तेच २८ मिमी खड्ड्यात रिमला वाचवत असतात. भावाने १७ इंची घातली त्या वर्षी आम्ही गणपतीला कोकणात निघालो. माणगावच्या पुढे पाण्याखाली लपलेला खड्डा, एकच दणका. गाडी पुढे गेली, काही झालं नाही असं वाटलं. घरी पोचल्यावर पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि त्याला दुरुस्ती नसते. मागच्या सीटवर आई होती. म्हणून या मुद्द्यावर मला थंडपणे बोलता येत नाही.

वजनही मोजलं. टायरच्या दुकानात वजनकाटा होता. रिमसकट १७ इंची चाक मूळ चाकापेक्षा साडेतीन किलोने जड भरलं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आणि फिरतं. छोट्या इंजिनाला ते दर सिग्नलला नव्याने फिरवावं लागतं.

लोड इंडेक्सही बघा, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा. मूळ टायर ८८ म्हणजे ५६० किलोचा. साधा २०५/४५ आर १७ हा ८४, म्हणजे ५०० किलोचा. यामुळे टायर लगेच दगा देणार नाही, स्विफ्टच्या एका चाकावर एवढा भार येतही नाही. पण हे आकडे ३६ पीएसआयच्या आसपास हवा असतानाचे आहेत. हवा कमी आणि समोर खड्डा, अशा वेळी कंपनीने ठेवलेलं अंतर आपण कमी करून बसलेलो असतो.

आणि स्विफ्ट स्पोर्टचं उदाहरण. हो, तिला १९५/४५ आर १७ यायचे. पण तिचे स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेगळे, चाक ज्यावर बसतं तो हबसुद्धा वेगळा: ५ बाय ११४.३ पीसीडीचा. सुझुकीने १७ इंचाभोवती ती गाडी बांधली. आपल्याकडे आलेली स्विफ्ट त्यांनी आपल्या रस्त्यांसाठी १४ आणि १५ इंचांवर बांधली.

"पीसीडी जुळलं की झालं"

नाही. मधलं भोक बघा: स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा, बाजारातल्या बऱ्याच अलॉय ७३.१ मिमीच्या. मध्ये बरोबर मापाची रिंग बसवली नाही तर नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस महिनाभर बॅलन्सिंग करत बसतो. नट १२ बाय १.२५ आट्यांचा लागतो. १२ बाय १.५ चा नट सुरुवातीला दोन आटे बसतो आणि मग स्टड, म्हणजे हबवरचा बोल्ट, खराब करतो. नट पहिल्यांदा हातानेच फिरवायला सांगा, नट आवळायची गन नंतर. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिचा हबला टेकणारा भाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते. त्याचं गणित असं: समजा रिम साडेपाचवरून सात इंच केली आणि ऑफसेट ४५ वरून ३५ वर आला, तर बाहेरची कड २९ मिमी बाहेर येते. चिखल दारावर उडतो, बेअरिंगवर ताण वाढतो.

मी स्वतः काय केलं? मूळ रिम ठेवल्या. आतल्या बाजूला साडेपाच इंच कोरलेलं बघितलं आणि १९५/६० आर १५, ८८ इंडेक्सचे, चांगल्या रबराचे चार टायर घेतले. उंची १ टक्क्याने कमी झाली, स्टेपनी १६५/८० आर १४ (६१९.६ मिमी) तीच चालते. ज्याला दिसायला मोठंच हवंय त्याने १९५/५५ आर १६ वर थांबावं; १०७ मिमी साइडवॉल उरते, उंची जवळजवळ तीच. पण त्याचा इंडेक्स बहुधा ८७ असतो, तेव्हा हवेकडे जास्त लक्ष.

टायर चढवण्याआधी साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. कमी खपाचे साईज दुकानात पडून राहतात. मला पहिल्या दुकानात चार वर्षं जुना टायर "फ्रेश माल" म्हणून काढून दाखवला होता. मी तो परत ठेवायला सांगितला आणि पुढच्या दुकानात गेलो.