मांसाहारी झाडांना जांभळाच दिवा लागतो?

सनड्यू, व्हीनस फ्लायट्रॅप, घटपर्णी (नेपेंथिस) घरात वाढवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "जांभळाच (लाल-निळा मिसळलेला) ग्रो लाइट घ्या, पांढरा एलईडी वाया जातो कारण पानं हिरवा प्रकाश परत फेकतात. वॅट जितके जास्त तितकं उत्तम. दिवा चोवीस तास चालू ठेवा. उजेड कमी पडलाच तर किडे खाऊ घाला." या सल्ल्यापायी झाडं मरतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

पानं हिरवा प्रकाश वाया घालवतात, हा समज क्लोरोफिल कोणता रंग किती शोषतं याच्या आलेखावरून आला. तो आलेख पानातून काढून द्रावणात विरघळवलेल्या क्लोरोफिलचा. जिवंत पानात प्रकाश पेशींवर आपटत फिरतो, आणि हिरव्यातलाही बराचसा भाग शोषला जातो. संशोधक मॅक्री यांनी 1972 मध्ये 22 पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापात लाल प्रकाश सरस ठरला, पण हिरव्यावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चाललं. त्यामुळे 5000 ते 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) साधा पांढरा एलईडी पूर्ण पुरतो. शिवाय जांभळ्या उजेडात मावा, बुरशी, काळे पडू लागलेले सापळे डोळ्यांना दिसतच नाहीत. हे नुकसान फार मोठं आहे.

वॅट म्हणजे विजेचा खर्च, उजेड नव्हे. बघायचे ते लुमेन, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. 60 × 30 सेंमीच्या फळीवर प्रत्येकी 1000 लुमेनच्या चार 60 सेंमी ट्यूब लावल्या, तर 4000 भागिले 0.18 चौरस मीटर, म्हणजे कागदावर सुमारे 22,000 लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन). बाजूंनी सांडणारा उजेड वजा जाता साधारण निम्मा पानांवर पडतो. खात्रीसाठी फोनमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप उघडा, फोन पानांच्या उंचीवर आडवा ठेवा, सेन्सर दिव्याकडे. आकडा ढोबळच मिळतो, पण कामाचा असतो. घटपर्णीला 8 ते 10 हजार, सनड्यूला 10 ते 15 हजार, फ्लायट्रॅपला 15 ते 20 हजार लक्स धरा. हे आकडे पांढऱ्या दिव्यासाठीच. लक्स माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजतात, म्हणून जांभळ्या दिव्याखाली तो आकडा फसवतो.

ट्यूब पानांपासून 15 ते 20 सेंमीवर. अंधुक जागेतून आणलेलं झाड मात्र पहिला आठवडा 30 सेंमीवर ठेवा, नाहीतर पानं करपतात.

चोवीस तासांची गरज नाही. टायमर लावून 14 तास पुरेत. फ्लायट्रॅपला तर वर्षातून तीन-चार महिने विश्रांती हवी: 8 ते 10 तास उजेड आणि 10 अंशांखालची थंडी. नुसता उजेड कमी करून भागत नाही. केप सनड्यू आणि घटपर्णीला ही विश्रांती लागत नाही.

राहिले किडे. त्यांतून मिळतात मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस. साखर पान प्रकाशातूनच बनवतं. उजेडाविना उपाशी असलेल्या फ्लायट्रॅपला किडा दिला, तर सापळा नीट मिटत नाही, किडा आतच कुजतो आणि सापळा काळा पडतो.

उजेड कमी पडतोय हे फ्लायट्रॅपच्या लांबट, लोळणाऱ्या देठांवरून आणि आतून फिकट राहिलेल्या सापळ्यांवरून कळतं. सनड्यूच्या केसांवर चिकट थेंब धरत नाहीत. दिवा खाली आणल्यावर जुन्या पानांकडे बघू नका, ती सुधारत नाहीत. पुढची दोन-तीन नवी पानं कशी येतात, त्यावरून उंची ठरवा.