फुंकणी, काकवी आणि कंदिलाची काच

दिवेलागणीच्या आधी कंदिलाची काच पुसायचं काम आमच्या घरी माझ्याकडे असायचं. हात बारीक म्हणून. चुलीतली चाळलेली राख आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. आई एकच गोष्ट बजावायची, "तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडू देऊ नको, तडकेल." का तडकते, ते मला साठी उलटल्यावर कळलं, तेही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावात.

लेकीने तिथल्या काच संग्रहालयात नेलं. भट्टीसमोर पायऱ्यापायऱ्यांची बैठक आहे, कुणीही बसावं आणि बघावं. कारागीर एक तरुण बाई होती. लांब पोकळ लोखंडी नळी (आपली चुलीची फुंकणीच, फक्त माणसाच्या उंचीची) तिने भट्टीत घातली, फिरवली, आणि टोकाला काच गुंडाळून बाहेर आणली. मी कऱ्हाडकडची. मला गुऱ्हाळातली दाट काकवीच आठवली, फक्त ही ११०० अंशांची, निखाऱ्यासारखी. हात क्षणभर थांबला की गोळा एका बाजूला लोंबतो, म्हणून नळी सतत फिरती. तिने हलकी फुंकर घातली आणि नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. आत कोंडलेली हवा तापली आणि गोळा आपोआप फुगला! मग तळहातावर ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी घेऊन तिने त्याला गोलाई दिली. कागद चुरचुरत होता, त्याचा जळका वास आमच्यापर्यंत येत होता.

भांडं तयार झालं तरी कुणाच्या हातात दिलं नाही. ते ५०० अंशांच्या आसपास तापवलेल्या पेटीत गेलं, तिथे रात्रभर सावकाश निवणार. बाहेरचा थर आधी निवून आकसला आणि आतला गरमच राहिला, तर दोघांत ओढाताण होते आणि काच तडकते. आईचा पाण्याचा थेंब तो हाच.

त्याच संग्रहालयात कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४ मध्ये ओतलेली २०० इंचांची पहिली काचेची चकती उभी केली आहे. ती ओतताना बिघडली, दुसरी ओतावी लागली. बिघडलेली चकती लपवून न ठेवता मांडली, हे मला फार मोलाचं वाटलं. पूर्वी मात्र ही विद्या लपवली जायची. इटलीतल्या व्हेनिसने १२९१ मध्ये आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या जवळच्या मुरानो बेटावर हलवल्या, आणि पुढे विद्या बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांना प्रदेश सोडायची बंदी घातली. आज त्याच बेटावर लोक भट्टीसमोर उभं राहून काम बघतात.

आणि आपण? लोकांनी वर्षाला एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना निघाला, १९०८ च्या सुमारास. हे काम आपल्या मुलांना शिकवायचं, हाही त्यामागचा हेतू होता. आमच्याकडे ओगल्यांनी कारखाना काढला आणि गावाचं नावच ओगलेवाडी झालं. माझ्या हातातला कंदील तिथलाच, 'प्रभाकर'. गावाचं नाव रोज घेतलं, पण काच कशी होते ते एकदाही पाहिलं नाही. शिक्षिका असताना एका काचकारखान्याला सहलीसाठी पत्र पाठवलं, तर "मुलांना धोका आहे" एवढंच उत्तर आलं. धोका आहेच, मान्य. पण कठडा आणि चार हात अंतर ठेवून तो सांभाळता येतो, हे मी डोळ्यांनी पाहून आले. माझं स्पष्ट मत आहे, ओगलेवाडीत किंवा तळेगावात एक तरी लहान भट्टी लोकांसाठी चालती हवी. कुलूपबंद काचपेटीत कंदील ठेवून मुलांना काही कळायचं नाही. शाळांनी मागणी केली, आमच्यासारख्या निवृत्तांनी वेळ दिला, तर हे होण्यासारखं आहे. मी माझा वेळ द्यायला तयार आहे, कऱ्हाडकडच्यांनी खाली लिहा.

नातवाने कॉर्निंगला स्वतः नळीत फुंकून एक निळा गोळा केला. तो लगेच हवा म्हणून हट्ट धरून बसला, तेव्हा त्याला मी कंदिलाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आणायला गेलो. त्याने आधी हात पॅन्टला पुसून कोरडे केले आणि मगच गोळा हातात घेतला.