रक्त आलं, तर ती उतरंड नव्हे

कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. थोडक्यात तो असा : कोंबड्यांची भांडणं हा निसर्गनियम, मध्ये पडू नका, रक्त आलं तरी दोन दिवसांत सगळं निवळतं. मार खाणारी कोंबडी वेगळी काढा. नवी कोंबडी रात्री खुराड्यात सोडा, सकाळी जुन्यांना पत्ताही लागत नाही. टोचाटोची थांबलीच नाही तर चोचीचं टोक कापा. आणि कोंबडा अंगावर आला तर त्याला जमिनीवर दाबून धरा, मालक कोण ते कळू दे.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं.

कळपात उतरंड, म्हणजे कोण वरची आणि कोण खालची हा ठरलेला क्रम असतो, यात वाद नाही. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या निरखायचा नाद होता. कोण कोणाला टोचते आणि कोण निमूट बाजूला होते याच्या नोंदींवरून त्यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड मांडली. ती नेहमी सरळ नसते. कधी पहिली दुसरीला दाबते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पहिलीलाच! पण उतरंड बसली की भांडणं कमी होतात. वरचीने नुसती मान वळवून पाहिलं तरी खालची दाण्यापासून सरकते. मग रोज रक्त दिसतंय ते कसलं?

चोच कुठे पडते ते बघा. हुद्द्यासाठीची टोच डोक्यावर, तुऱ्यावर बसते. समोरची मान खाली घालून पळाली की प्रकरण मिटतं. पाठीवरची, शेपटीच्या मुळाशी असलेली पिसं उपटून खाणं हा वेगळाच मामला. त्यात राग नसतोच. कोंबडीचा दिवस उकरण्यात आणि टोचण्यात जातो. उकरायला माती-पाचोळा नसला की तीच चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. खाद्यात प्रथिनं किंवा मीठ कमी पडणं, दाटी, डोळ्यांवर येणारा प्रखर उजेड, अंगावरच्या उवा-गोचड्या यांनी ती खोड वाढते, आणि एकीचं बघून दुसरी शिकते. कातडी फाटून लाल दिसलं की सगळ्या तिथेच टोचू लागतात. अशा वेळी ‘दोन दिवस थांबा’ म्हणणाऱ्याच्या हाती दोन दिवसांनी मेलेली कोंबडी येऊ शकते. जखमी पक्षी त्याच क्षणी बाहेर काढायचा.

म्हणजे ‘मार खाणारी वेगळी काढा’ हे बरोबरच की? जखमी असेल तर हो, पण जाळीआड, बाकीच्यांना दिसेल अशी. पार नजरेआड ठेवलीत तर काही आठवड्यांनी ती परकी होऊन परत येते आणि नव्याने मार खाते. जखम नसताना तिलाच हलवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. त्याऐवजी दांडगट कोंबडीला तीन-चार दिवस बाहेर ठेवा. परतल्यावर तिला आपली जागा पुन्हा शोधावी लागते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच तोरा उतरतो. नेहमी नाही, पण पुष्कळदा.

रात्री सोडण्याची युक्ती मीही करून पाहिली आहे. रात्र शांत गेली, कारण अंधारात कोंबडीला फारसं दिसतच नाही. पण कोंबडं झाकल्याने सूर्य उगवायचा राहत नाही. कोंबड्या एकमेकींना डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात. उजाडताच बंद खुराड्यात परकी सापडली आणि तिला पळायला जागाही नव्हती. आधी नवे पक्षी तीन-चार आठवडे लांब ठेवावेत. हे भांडणासाठी नाही, रोगांसाठी. मग आठवडा-दोन आठवडे मधे जाळी लावून शेजारी. एकटी कोंबडी कधी सोडू नये, निदान दोन तरी, आणि जुन्यांच्या जवळपास अंगाच्या. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, असतील तर खाद्याचीही अडचण येते : अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यातलं जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. सगळ्यांना वाढीचं खाद्य घालून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला की प्रश्न सुटतो.

जागेबद्दल हा सल्ला चकार शब्द काढत नाही, आणि माझा मुख्य राग त्यावरच आहे. खुराड्यात दर कोंबडीला ४ चौरस फूट, बाहेर ८ ते १० चौरस फूट, रात्री बसायच्या दांडीवर ८ ते १० इंच, हा सर्वसाधारण हिशेब. खाद्याची भांडी दोन, तीही एकमेकांपासून आडोशाला. एकच दांडगी दोन्हींवर पहारा देऊ शकत नाही. भिंतीला तिरकी टेकवलेली एक फळी, जिच्यामागे लपून दुसरीकडून निसटता येईल, ती मी चोच कापायच्या कात्रीपेक्षा आधी आणेन. चोचीत नसा असतात, कापताना वेदना होतात, नंतर दाणा नीट टिपता येत नाही, आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहतं. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

राहिला कोंबडा. तो तुमच्यावर धावतो तेव्हा बहुधा कोंबड्यांची राखण करत असतो. दाबून धरणं, लाथ मारणं त्याला झुंजच वाटते आणि तो पुन्हा येतो. पळू नका, हातात फळी आडवी धरून सावकाश वावरा, त्याच्यासमोर कोंबड्या पकडू नका. तरीही काही कोंबडे बदलत नाहीत. लहान मुलं असलेल्या घरी असा ठेवू नये आणि त्याची पिल्लंही काढू नयेत, कारण स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. त्याहून कमी असल्या तर त्याच त्याच कोंबड्यांवर तो वारंवार चढतो, त्यांच्या पाठीची आणि मानेमागची पिसं झडतात, आणि आपण बिचाऱ्या दुसऱ्याच कोंबडीवर टोचल्याचा आळ घेतो.