‘नगरसेवक नव्हते, तर अडलं काय?’ अडलं ते हे

महापालिका निवडणुकांच्या आधीपासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं, तरी त्याचा जोर ओसरलेला नाही. सार असं: इतकी वर्षं निवडणूक नव्हती, नगरसेवकांचं सभागृह नव्हतं, आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघत होते, तरी शहरं चालली. खर्चाला मंजुरी देणारी नगरसेवकांची स्थायी समिती म्हणजे टक्केवारीचं दुकान, अग्निशमन आणि सीसीटीव्हीची कामं तिथेच तुंबतात. नगरसेवकांवरचा खर्चही वाचला. तेव्हा आयुक्तच बरे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर तीनदा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरक्षेपासून सुरुवात करतो, कारण भीती तिचीच घातली जाते.

पोलीस हा राज्याचा विषय, महापालिकेचा नाही. मुंबईत २६/११ नंतर राम प्रधान समितीने शहरभर कॅमेऱ्यांची शिफारस केली. कंत्राट निघालं २०१५ मध्ये, रक्कम ९४९ कोटी. सुमारे ४,७०० कॅमेरे लागून काम पुरं झालं २०१६ च्या ऑक्टोबरात. मधल्या वर्षांत निविदा पुन्हापुन्हा काढाव्या लागल्या. ती फाईल होती गृह खात्याची, स्थायी समितीच्या टेबलावर ती यायचं कारणच नव्हतं.

अग्निशमन मात्र खरोखर महापालिकेकडे येतं, घटनेच्या बाराव्या अनुसूचीत ते लिहिलेलं आहे. पण ‘आग लागली तरी समितीची वाट बघा’ हे साफ खोटं. १९४९ च्या महापालिका अधिनियमाचं कलम ६७(३) बघा. लोकांच्या सुरक्षिततेसाठी आणीबाणीत आयुक्त मंजुरीविना पाऊल उचलू शकतात, फक्त स्थायी समितीला आणि सभागृहाला ताबडतोब कळवायचं. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातही तशीच सोय आहे. उलट ‘६७-३ खाली काम काढलं’ हे महापालिकेत रोज ऐकू येतं, आणि ते नेहमीच आणीबाणीचं असतं असंही नाही.

मग अडतं कुठे? २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी-जुलैत घ्यायचा असतो, आणि जबाबदारी मालक-रहिवाशांची. हा मजकूर तिसऱ्यांदा आला त्या दिवशी मी आमच्या जिन्यातल्या लाल सिलिंडरवरची चिठ्ठी वाचली. मुदत संपून दीड वर्ष झालेलं. दाब दाखवणाऱ्या काट्यावर इतकी धूळ की बोटाने पुसावी लागली. यात कुठल्या समितीने काय अडवलं?

दुर्घटनांची वाटणी करणारे दोन्ही बाजूंना आहेत, त्यांच्या नादी मी लागत नाही. घाटकोपरचं होर्डिंग १३ मे २०२४ ला कोसळून १७ जण गेले, तेव्हा मुंबईत प्रशासक होते. पण ती जागा लोहमार्ग पोलिसांची. कमला मिलच्या आगीत २०१७ च्या डिसेंबरात १४ जण गेले, तेव्हा सभागृह होतं.

आता टक्केवारी. हा शब्द कुणी हवेतून काढलेला नाही, हे आधी कबूल करतो. मुंबई महापालिकेचं ‘कॅग’ने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, केलेलं विशेष ऑडिट २०२३ मध्ये विधिमंडळात आलं. निविदेशिवाय दिलेली २० कामं, २१४ कोटींची, त्यात नोंदली आहेत. ऑडिटचा काळ नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२, म्हणजे बराच काळ सभागृह भरत होतं. तेव्हा समिती असली की कारभार धुतल्या तांदळासारखा, असं मी म्हणत नाही.

पण समितीत निदान विरोधी पक्ष बसतो. मुंबईत २७ सदस्य, १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकांत १६, पक्षांच्या बळाप्रमाणे निवडलेले. भांडणापोटी का होईना, कुणीतरी ‘हा दर शेजारच्या महापालिकेपेक्षा जास्त कसा?’ असं विचारतो. विषय तहकूब होतो, प्रश्न इतिवृत्तात येतो, सकाळी पेपरात येतो. प्रशासक काळात आयुक्त आणि प्रशासक एकच माणूस. एका सहीने प्रस्ताव, दुसऱ्या सहीने ठराव. मुंबईचं २०२३-२४ चं ५२,६१९ कोटींचं अंदाजपत्रक असंच, बनवणारं प्रशासन आणि मंजूर करणारंही प्रशासनच. तहकुबी कोण मागणार?

‘अडलं काय’ याचं सगळ्यात ठसठशीत उत्तर २०२३ मध्येच आहे. वॉर्डांतल्या कामांचा निधी आमदारांच्या मागणीवरून, पालकमंत्र्यांच्या संमतीने द्यायचं ठरलं. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ५०० कोटी गेले ते सत्ताधारी बाजूच्या आमदारांकडे. मागणीची पत्रं देऊनही विरोधी आमदारांच्या हाती भोपळा, हे माहिती अधिकारातून बाहेर आलं. यालाच राजकारणमुक्त कारभार म्हणायचं का? राजकारण गेलं नव्हतंच, फक्त दाराआड गेलं होतं. काँक्रीटच्या रस्त्यांची सुमारे ६,००० कोटींची कंत्राटंही त्याच वर्षी दिली गेली, आणि दक्षिण मुंबईचं काम वर्षाच्या आतच रद्द करायची पाळी आली.

मी मुंबईचा नाही. आमची महापालिका लहान, अडचणीही लहान. गल्लीच्या तोंडचा दिवा तीन आठवडे बंद होता. ॲपवर तक्रार टाकली, चौथ्या दिवशी ‘तक्रारीचे निराकरण झाले’ असा मेसेज आला. तो मी त्याच खांबाखाली, मोबाईलच्या टॉर्चमध्ये किल्ली शोधताना वाचला. पूर्वी नगरसेवकाच्या कार्यालयातला पोऱ्या वायरमनला फोन लावायचा. उपकार दाखवायचा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आमच्या गल्लीचं नाव टाकायचा, पण दिवा लागायचा.

राहिला खर्च. मुंबईतल्या नगरसेवकाचं मानधन २०१७ पासून महिना २५,००० रुपये. २२७ जणांचे वर्षाला ६ कोटी ८१ लाख होतात. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं. म्हणजे शंभर रुपयांमागे एक पैसासुद्धा नाही. बैठक भत्ते, गाड्या, चहापाणी धरून आकडा पाचपट केला, तरी शंभर रुपयांमागे पाच पैसे भरत नाहीत.